मॉरिशस : रात्रीचं जेवण हॉटेलात घ्यावं की बाहेर?

गुलबक्षी
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत मॉरिशस ठरलंय, सात रात्री. आम्ही दोघं, दोन मुलं (वय ७ आणि १२) आणि सासूसासरे. कर्वे रोडवरच्या ज्या एजंटकडे बुकिंग करतोय तो म्हणतो, "मॅडम, नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरूनच पॅकेज घ्या, तिथं बाहेर काही मिळत नाही." फरक सहा जणांचा मिळून पन्नास हजारांवर जातोय! नवरा म्हणतो घेऊन टाक, रोज कटकट नको. मला मात्र सात रात्री त्याच बुफेपुढं ताट घेऊन उभं राहायचं जिवावर आलंय.

घरची मंडळी सांगते म्हणजे अंदाज येईल. सासूबाई शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, कांदालसूण चालतं. सासरे मूळचे मालवणचे, मासळी दिसली की त्यांना समुद्र दिसत नाही. थोरली सगळं खाते. धाकटा सध्या पांढरा भात आणि चिप्स या पंथात आहे.

हॉटेल पक्कं नाही. बेल मार की फ्लिक-आँ-फ्लाक, असा प्रश्न आहे. जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

रमतगमत
मॉरिशस कशाला? त्याच पैशात बाली करून या, खायला कितीतरी स्वस्त.

गुलबक्षी
तिकिटं काढून झाली हो. आता बालीचं नाव घरात काढू नका, नवऱ्याचं तेच म्हणणं होतं.

सायसाखर
आम्ही कुठंही जाताना मेतकूट, तूप, लसणीची चटणी, दशम्या आणि एक छोटी विजेची किटली नेतो. किटलीत मऊ भात होतो. (होतो म्हणजे होतो. हसू नका.) धाकट्याचा प्रश्न तिथंच मिटेल.

एक मात्र करा, ताजी फळं, भाज्या, बी-बियाणं काही बॅगेत टाकू नका. तिथं ते परवान्याशिवाय नेता येत नाही. आणि प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर तिथं २०१६ पासून बंदी आहे, तेव्हा दशम्या सुती फडक्यात बांधा.

एबेनचापाहुणा
दोन वर्षं ऑफिसच्या कामासाठी एबेनला होतो. म्हणजे मॉरिशसचं हिंजवडी. गुलबक्षीताई, तुमचा एजंट अर्धं खरं सांगतोय. बाहेर काही मिळत नाही हे खोटं. रात्री काही मिळत नाही हे बऱ्याच ठिकाणी खरं.

तिथलं खरं खाणं दिवसाउजेडीचं आहे. डॉल पुरीवाला सकाळी उभा राहतो आणि दुपारी टोपली रिकामी झाली की घरी जातो. बाजारपेठेतली दुकानं संध्याकाळी लवकर बंद होतात. (आपल्याला दुपारी दुकानं बंद ठेवतात म्हणून हसतात, तिथं संध्याकाळी या.) गावाकडच्या बस सहा-सातनंतर जवळजवळ थांबतात. त्यामुळं मोठ्या रिसॉर्टमध्ये राहिलात, बाहेर दोन किलोमीटर नुसता ऊस, तर रात्री जेवायला टॅक्सी आलीच, आणि हॉटेलच्या दारातली टॅक्सी काही स्वस्त नसते. बेल मारला बहुतेक हॉटेलं अशी आहेत. तिथं राहणार असाल तर जेवण घेऊनच टाका. फ्लिक-आँ-फ्लाक किंवा उत्तरेला ग्रां बे इथं राहिलात तर चालत जाऊन जेवता येतं, वाणसामानाची मोठी दुकानं आहेत, किचनवाल्या खोल्या भाड्यानं मिळतात. म्हणून आधी कुठं झोपायचं ते ठरवा, जेवणाचं त्यावरून आपोआप ठरेल.

आणखी एक फायद्याची गोष्ट. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. तुम्ही घरी साडेआठला जेवत असाल तर तिथं सातलाच पोटात कावळे ओरडणार. पहिले दोन-तीन दिवस पोटाचं घड्याळ बदलूच नका. लवकर उठा, लवकर जेवा, म्हणजे तिथल्या माणसांच्या वेळा साधतात.

आता खायचं काय. डॉल पुरी. आपली पुरणपोळी गूळ न घालता केली आणि पुरण कोरडं, भुरभुरीत ठेवलं तर जे होईल ते. हरभऱ्याच्या डाळीचं सारण, वर मैद्याची पातळ पारी, हळदीचा पिवळा रंग. बिहारकडून ऊस तोडायला गेलेल्या मजुरांची दालपुरी ती. नेहमी जोडी मिळते. दोन पुऱ्या एकावर एक, त्यात गरम रस्सा, टोमॅटोची रुगाय (म्हणजे शिजवलेली चटणी) आणि मिरचीचा ठेचा, मग कागदात गुंडाळून हातात. रस्सा कशाचा? डबल बीचा! मंडईतून आणतो तीच. तिथं तिला 'ग्रो प्वा' म्हणतात. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मी तिथंच उभ्याउभ्या आईला फोन केला होता.

रोझ हिलला 'देवा अँड सन्स' म्हणून यासाठी नावाजलेलं दुकान आहे. राजधानी पोर्ट लुईहून मेट्रोनं जाता येतं. मेट्रो आपल्या लार्सन अँड टुब्रोनं बांधली आणि आपल्या पुण्याच्या मेट्रोच्या आधी सुरू झाली, हे दुःख वेगळं.

सकाळी गातो पिमाँ. नाव 'मिरचीचा केक', वस्तू डाळवडा. आकार लिंबाएवढा. तिथली माणसं लोणी लावलेल्या पावात चार-पाच दाबून घालून खातात, म्हणजे वडापावचा चुलतभाऊच. फराटा म्हणजे पराठा. किनाऱ्यावर उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा आणि मीठमिरची लावलेला अननस मिळतो. अननस छोटा आणि फार गोड असतो, देठ हातात धरून कुल्फीसारखा खायचा.

कर्वेनगरची मावशी
एबेनचा, छान लिहिलंत. पण शाकाहाराचं नीट सांगा ना. आम्हाला एका ठिकाणी 'व्हेज' म्हणून दिलेल्या सूपमध्ये कोळंबी पोहत होती. देश सांगत नाही.

एबेनचापाहुणा
मावशी, बरोबर विचारलंत. मॉरिशसमध्ये निम्म्याच्या आसपास हिंदू, त्यामुळं शाकाहार म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. महाशिवरात्रीच्या आधी तर कित्येक घरांत आठवडाभर मांसमच्छी बंद असते. डॉल पुरी, फराटा, गातो पिमाँ, भाजीचे सामोसे बिनधास्त घ्या.

जपायचं चिनी पदार्थांत. मीन फ्री म्हणजे परतलेल्या नूडल्स. त्यांत भाज्याच असल्या तरी ऑयस्टर सॉस किंवा फिश सॉस असू शकतो. विचारलं की खरं सांगतात. बोल राँव्हर्से म्हणजे वाडग्यात तळाशी तळलेलं अंडं, वर कोंबडीची ग्रेव्ही, वर भात, आणि वाडगा ताटात उपडा. मुलांना गंमत वाटते, सासूबाईंना नको. बुलेत म्हणजे वाफवलेले उंडे. त्यांतले काही चायोटचे (दुधीसारखी एक फळभाजी) असतात पण कधी कधी त्यांतही सुकी कोळंबी असते.

एक वाक्य पाठ करून ठेवा, क्रेओलमध्ये, म्हणजे तिथल्या बोलीभाषेत : "मो पा मांझ लाव्यान, प्वासों, दिझेफ." मी मटण, मासे, अंडी खात नाही. हिंदीसुद्धा खूप जणांना समजतं, पण क्रेओलमध्ये बोललात की माणूस हसतो आणि डाव थोडा जास्त भरून वाढतो.

घरगुती जेवण मिळालं तर सोडू नका. शेवग्याच्या पाल्याचं पातळ सार, कारलं, भेंडी, दोडका, अळूचे वडे, मोहरी-हळद लावलेलं कोबी-गाजराचं 'आशार' लोणचं. सासूबाईंना परदेशात आल्यासारखं वाटणार नाही.

तळजाईकर
अलुदा राहिला! पोर्ट लुईच्या सेंट्रल मार्केटमध्ये 'अलुदा पिल्ले' या ठेल्यावर प्या. थंड दूध, सब्जा, चायना ग्रासची जेली, हवं तर वर आइस्क्रीम. थोडक्यात आपली मस्तानी.

बाजीरावरोड
मस्तानी? सब्जा घातलेली मस्तानी कधी पाहिलीत? तो फालुदा आहे, नावातच दिसतंय. मस्तानीला उगाच मध्ये आणू नका.

तळजाईकर
वरचं आइस्क्रीम बघून म्हणालो हो. माघार घेतो.

बाजीरावरोड
माघार मान्य.

पापलेटपंथी
सासऱ्यांच्या वतीने मी लिहितो. सुरमई-पापलेटच्या अपेक्षेनं जाऊ नका, निराशा होईल. तिथं ट्यूना, मार्लिन आणि ऑक्टोपस. धुरावलेला मार्लिन पातळ कापून लिंबू पिळून देतात, अप्रतिम. विंदाय म्हणजे तळलेला मासा किंवा ऑक्टोपस मोहरी, हळद, व्हिनेगर आणि आख्ख्या छोट्या कांद्यांत मुरवलेला. गोव्याच्या विंदालूचं नातेवाईक म्हणतात, पण चव पार वेगळी, मोहरी पुढं येते. गार खातात, दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. ऑक्टोपसला तिथं 'ऊरित' म्हणतात, रस्साही करतात. नारळाचा पत्ता नाही. मालवणी माणसाला पहिल्या घासाला चुकल्यासारखं होतं, तिसऱ्याला वाद संपतो.

हरणाचं मटणही मिळतं, शामारेलच्या बाजूला. हरणं तिथली नव्हेत, सतराव्या शतकात डचांनी जावाहून आणलेली. ऊसही त्यांनीच आणला. मी चाखलं, एकदा ठीक आहे.

पाम हार्टची कोशिंबीरही मेनूवर दिसेल. अख्खं झाड तोडून आतला गाभा काढतात, म्हणून महाग. मला कच्च्या पपईहून फार वेगळी लागली नाही.

दोनचिमणी
मी वेगळं मत मांडते, रागावू नका. आमची जुळी तीन वर्षांची होती तेव्हा आम्ही सगळं जेवण धरून पॅकेज घेतलं आणि मला एक मिनिट पश्चात्ताप झाला नाही. दिवसभर पोरं पाण्यात, संध्याकाळी रडकी, त्यांना घेऊन "कुठं बरं मिळेल" म्हणत फिरायचं? वर्षभर घरी रोज 'आज काय करू' हाच प्रश्न असतो. सात दिवस तो कुणीतरी दुसऱ्यानं सोडवला तर त्याला पैसे देईन मी. इथं लिहिणाऱ्या पुरुषमंडळींपैकी सुट्टीत मुलांना भरवायचं काम कुणाकडं असतं, तेही लिहा.

पापलेटपंथी
... पास.

एबेनचापाहुणा
दोनचिमणी, मान्य. मी एकटा होतो, मला भरवायला कुणी नव्हतं. गुलबक्षीताईंची मुलं जरा मोठी आहेत म्हणून तसं लिहिलं.

गुलबक्षी
दोनचिमणी, तुमची पोस्ट सासूबाईंना वाचून दाखवली. "बरोबर बोलते ती," म्हणाल्या. नवरा फोनमध्ये बघत होता.

शेवंती
थोडं अवांतर. तिथल्या मराठी लोकांबद्दल कुणी लिहिलं नाही. १८३४ पासून करारावर मजूर गेले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेली आपली माणसंही होती. ज्या धक्क्यावर ती उतरत तो आप्रवासी घाट पोर्ट लुईत आहे, २००६ पासून जागतिक वारसा यादीत. बाजारापासून चालत जाता येतं. अलुदा पिऊन तिथं जाऊन या. गणेश चतुर्थीला तिथं राष्ट्रीय सुट्टी असते! आणि घरोघरी मोदक होतात. माझ्या मावसभावाला एका टॅक्सीवाल्यानं "काय पाहुणे, कुठले?" असं विचारलं होतं, तो थक्क झाला.

कर्वेनगरची मावशी
अगं शेवंती, भरून आलं. तिथं मराठी खानावळ आहे का पण?

शेवंती
मावशी, माझ्या माहितीतली नाही. त्यांचं मराठी जेवण घरात आणि सणाला. दारात सगळे डॉल पुरीच खातात.

सोमवारउपास
आमच्या घरी सोमवार असतो. रताळ्याच्या करंज्या मिळतात म्हणे, गातो पातात. ओल्या खोबऱ्याचं सारण. उपासाला चालतील?

एबेनचापाहुणा
रताळं खरं, पण पारीत पीठही असतं. नाही चालणार. नुसत्या खायला मात्र सुरेख.

सायसाखर
माहेबूरला कसावाच्या बिस्किटांचा १८७० साली सुरू झालेला जुना कारखाना आहे. कसावा म्हणजे ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तो कंद. साबुदाणा चालतो तर बिस्किटं का नाही? पाकिटावरचे घटक वाचून घ्या. शिवाय माहेबूरचा मोठा आठवडी बाजार सोमवारीच भरतो, म्हणजे योग जुळून आलाय.

बाजीरावरोड
बिस्किटानं उपास! धन्य.

सोमवारउपास
साबुदाणावडा तळून खाणाऱ्यांनी बोलू नये.

गुलबक्षी
(धागा वर काढतेय. आलो परत!)

आधी काय केलं ते सांगते. तोडगा काढला. पहिल्या चार रात्री फ्लिक-आँ-फ्लाकला किचनवाल्या दोन खोल्या, शेवटच्या तीन पूर्वेला हॉटेलात, जेवणासकट. एजंट म्हणाला असं कुणी करत नाही. केलं.

फ्लिक-आँ-फ्लाकचे चार दिवस म्हणजे सुख. सकाळी सहाला सगळे टक्क जागे (दीड तास!), किनाऱ्यावर चक्कर, येताना गातो पिमाँ आणि पाव. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी गातो पिमाँ मोडून आत बघितलं, वास घेतला आणि "बडीशेप नाही, कांद्याची पात आहे" असा निकाल दिला. रात्री दोनदा चालत जाऊन जेवलो, दोनदा खोलीवर मुगाची खिचडी. तिथल्या दुकानात डाळ-तांदूळ, हळद, मोहरी सगळं मिळालं, सायसाखरताईंची किटली बॅगेतच राहिली. रविवारी किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली तिथली कुटुंबं मोठमोठी पातेली घेऊन आलेली, गाणीबजावणी चाललेली. शेजारच्या एका आजींनी धाकट्याच्या हातात न विचारता फराटा दिला आणि त्यानं तो खाल्ला! रस्श्यासकट. पंथ बुडाला.

पोर्ट लुईला शनिवारी गेलो. अलुदा प्यालो. बाजीरावरोड, तुमचंच बरोबर, फालुदाच तो. आप्रवासी घाटाच्या दगडी पायऱ्या बघताना सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत. तिथून मेट्रोनं रोझ हिल. पोचेपर्यंत दीड वाजला होता, रांग होती, मिळाली. सासूबाईंनी दोन जोड्या खाल्ल्या. घरी एका पोळीच्या वर जात नाहीत.

सगळंच गोड नव्हतं. बोटीच्या सहलीला आधी दोनदा 'शाकाहारी एक' लिहून कळवलं होतं. बोटीवर सगळ्यांना भाजलेली कोंबडी आणि मासे, सासूबाईंना कोशिंबीर, पाव आणि केळं. नशीब, पिशवीत दशम्या होत्या. तेव्हा बोटीवर जाणाऱ्यांनी आपला डबा न्या, कुणी काही म्हणत नाही.

मग हॉटेलच्या तीन रात्री. जेवण वाईट नव्हतं. पण 'जेवणासकट'मध्ये पेयं नव्हती, आणि पेयांत पिण्याच्या पाण्याची बाटलीही येते हे पहिल्या रात्री बिलावर सही करताना कळलं. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता. बुकिंग करताना हे विचाराच. पहिल्या रात्री इटालियन, दुसऱ्या रात्री 'इंडियन' (पनीर, अजून काय), तिसऱ्या रात्री मॉरिशियन. त्या तिसऱ्या रात्रीचा ऑक्टोपसचा विंदाय सासऱ्यांनी तीनदा घेतला. पापलेटपंथी, त्यांचा निरोप : वाद दुसऱ्याच घासाला संपला.

आणि दोनचिमणी, खरं सांगू? त्या तीन रात्री मला बऱ्या वाटल्या. ताट घेऊन उभी राहिले, पण भांडी नव्हती.

दोनचिमणी
मला माहीत होतं.

एबेनचापाहुणा
वा, वाचून भूक लागली. सासूबाईंनी घरी करून पाहिली का डॉल पुरी?

गुलबक्षी
केली ना, आल्याच्या दुसऱ्या रविवारी. पहिल्यांदा डाळ पुरणासारखी गाळ शिजवली, सारण ओलं झालं, सगळ्या पुऱ्या फुटल्या. मग तिथल्या दुकानातल्या बाईंनी सांगितलेलं आठवलं. डाळ बोटानं दाबली तर मोडेल इतपतच शिजवायची, पूर्ण निथळायची, गार झाल्यावर जिरं-हळद घालून कोरडी वाटायची. आणि डाळीचं निथळलेलं पाणी टाकायचं नाही, त्यातच मैदा भिजवायचा. दुसऱ्या खेपेला जमली. पोळपाटावर जरा तेल लागतं.

कर्वेनगरची मावशी
आणि डाळीच्या पाण्याची कटाची आमटी?

गुलबक्षी
सासूबाईंनी हाच प्रश्न विचारला होता मावशी. आता दर वेळी निम्मं पाणी मैद्याला, निम्मं आमटीला. डबल बी अजून मंडईत चांगली मिळत नाहीये, कुणाला दिसली तर इथं कळवा.